सुताचं दुसरं टोक

धुरपताआत्या, तुझ्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही नेमकं लिहिते, कारण आपल्या माणसांवरचे अन्याय नेहमी 'पूर्वी कधीतरी' झालेले असतात आणि मग कुणालाच जाब द्यावा लागत नाही. लातूर जिल्हा झाला त्या सकाळी. झेंडा वर गेला होता, राष्ट्रगीत संपलं होतं, पेढ्यांचं ताट अजून फिरायचं होतं. नव्या कचेरीत, नव्या साहेबांच्या खुर्चीमागच्या शिसवी भिंतीला हात लावून नरहरी मिस्त्रीनं चारचौघांत सांगितलं की सुताचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं होतं.

तिथं खिळा नव्हता. तिथं तू होतीस.

वाचणाऱ्याला एवढ्यावरून काही कळायचं नाही. तो म्हणेल, खिळा म्हटलं तर म्हटलं, शिवी तर नाही ना दिली? म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार, आणि तू मधेमधे 'लई लांबण लावतीस गं सुमे' म्हणणार. म्हण. गेल्या महिन्यात तुला मातीत ठेवून आलो तेव्हापासून तू माझ्या कानाशी बोलतच राहिली आहेस.

आमच्या छापखान्यात पायानं दाबायचं यंत्र आहे. पाय उचलला की ते गप्प असतं, दाबला की खर्रर करतं. गप्प, खर्रर. गप्प, खर्रर. परवा माझ्याच पत्रकाच्या प्रती निघत होत्या आणि मला वाटलं, यंत्राच्या खाली कुणीतरी उभं आहे आणि ओढतंय. मी वाकून पाहिलं. छापखान्याचे मालक म्हणाले, "काय सांडलं बाई?" मी म्हणाले, "काही नाही." काय सांगायचं त्यांना? माझी आत्या खाली आहे म्हणून?

तू आराकश होतीस. कॉलेजातले उर्दूचे सर म्हणाले होते, आरा म्हणजे करवत आणि कश म्हणजे ओढणारा. मी लगेच वाद काढला होता की बाईला काय म्हणायचं मग, आराकशीण? तू विळीवर कांदा चिरत होतीस. म्हणालीस, "म्हन की काहीबी. करवतीला लुगडं-धोतर कळतंय व्हय?"

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. जमिनीत माणूसभर खोल खड्डा. खड्ड्यावर आडव्या वाशांवर लाकूड. एक माणूस लाकडावर उभा, एक खड्ड्यात, मधे लांब करवत. वरचा करवत उचलतो आणि रेघेवर आणून ठेवतो. खालचा ओढतो. लाकूड चिरतं ते ओढताना, उचलताना नाही. भुसा पडतो तो खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, छातीत. आणि काम झाल्यावर लोक म्हणतात, मिस्त्रीनं काय सरळ चिरलंय! मिस्त्री म्हणजे वरचा. खालच्याला नाव नसतं. नरहरी मिस्त्री सुतार होता, वखार त्याची होती, तो वर. आधी मामा, म्हणजे तुझा नवरा (आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), खाली. त्याच्यानंतर तू. मिस्त्री तुला दिवसभर "खाली!" एवढीच हाक मारायचा, आणि तू त्याला "वरचे, झोपलात व्हय?" म्हणून जागं करायचीस.

रुंद फळ्यातून पातळ फळ्या काढणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम. फळा कडेवर उभा करायचा आणि त्याच्या जाडीतून एकेक पान सोडवायचं. करवत लाकूड खाते. तिचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. जितके जास्त वाकवाल तितका तिचा घास मोठा. लाकूड वाचवायचं तर दात कमी वाकवायचे, मग करवत अडकते, मग चिरेत पाचर मारायची, पात्याला करडईच्या तेलाचं फडकं फिरवायचं, आणि वरच्यानं आणि खालच्यानं एका श्वासात चालायचं. एकाचा श्वास चुकला की पान एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटकं. "निम्मा भुसा करनाऱ्याला आराकश म्हनू नये," तू म्हणायचीस, "घूस म्हनावं."

आणि ह्या सगळ्याच्या आधी सूत. सूत म्हणजे साधा दोरा. रंग कालवलेल्या पाण्यात भिजवायचा, फळ्याच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, मधे चिमटीत उचलून सोडायचा. टण्. रेघ उठते. त्या रेघेवर सगळं काम. दोऱ्याला दोन टोकं, म्हणून दोन माणसं लागतात. नरहरी मिस्त्रीच्या वखारीत मात्र एका टोकाला मिस्त्री असायचा आणि दुसऱ्या टोकाला खिळा.

का? तर सूत ओलं असतं. कोरड्या दोऱ्यातून विटाळ जात नाही, ओल्या दोऱ्यातून जातो.

खिळ्याची किंमत लाकूड भरायचं. वाळक्या लाकडात टोकाशी खिळा ठोकला की तिथून चीर जाते. म्हणून प्रत्येक फळीचं खिळ्याकडचं चार बोटं टोक कापून टाकावं लागायचं. घासभर लाकूड वाचावं म्हणून दिवसभर करवतीचे दात घासणारी माणसं, आणि चार बोटं रोज उघड्या डोळ्यांनी टाकून देत होती!

हे मला कळलं तेव्हा मी नामांतराची पत्रकं वाटत फिरत होते. अंगात आग होती, अजून आहे. लातूरच्या वसतिगृहातून दर रविवारी तुझ्याकडे यायचे, अहमदपूरच्या रस्त्याला. त्या रविवारी येताना पत्रकाचा मजकूर लिहूनच आणला. मथळा दिला होता, 'लाकूड वाया गेलं तरी चालेल, माणूस शिवता कामा नये!' तुला उभं राहून वाचून दाखवला. तू हसलीस. इतकी हसलीस की खोकला लागला, आणि खोकला थांबल्यावर विचारलंस:

"कुनी ठोकला म्हनलीस खिळा?"

"मिस्त्रीनं."

"येडी हाईस. तुझ्या मामानं ठोकला."

मग तू सांगितलंस. आधी मामा सूत धरायचा. सगळे धरतात तसं, हातानं. आणि मिस्त्री रोज घरी गेला की दारातच अंगावर पाणी घ्यायचा. साऱ्या गल्लीला मालूम होतं, मामालाही होतं. मग छप्पन साल आलं, मामा दीक्षा घेऊन परतला, आणि कामावर गेला तो खिशात खिळा घेऊन. "मिस्त्री, तुम्हाला रोज आंघुळीचा तरास कामून? ह्याला बांधा. माझा हात आता फुकट न्हाई." मिस्त्री म्हणाला, "लाकूड वाया जाईल रं." मामा म्हणाला, "जाऊ द्या की. तुमचंच हाय." आणि वर अट घातली, कापलेली टोकं खालच्याची. तुमच्या चुलीत सागवान जळायचं, शिसव जळायचं. बिलोलीच्या नाहीतर हदगावच्या एखाद्या देशमुखाच्या घरीसुद्धा असं सरपण नसेल, असं तू ऐटीत सांगायचीस.

"तुझ्या मामाची इज्जत हाय ती," तू म्हणालीस, "आन तू तिला इटाळ म्हनून छापतीस."

मी गप्प बसणारी नव्हते. म्हणाले, कारण तर तेच ना? तो आंघोळ करत होता म्हणूनच खिळा आला ना?

"कारन तेच. पर ठोकनाराचा हात बदलला की खिळा बदलतो."

ते पत्रक छापलं नाही. वाद मात्र मी सोडला नाही, तूही नाही. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, एस.टी.ची वाट बघताना तो चालूच राहिला. आत्या, मला तुझ्याशी भांडायची सवय लागली आहे. आता मी कुणाशी भांडू? बैठकीतले सगळे माझं ऐकून घेतात.

मामा दुष्काळात गेला. बहात्तरच्या. भुकेनं नाही, भुशानं. आधी खड्ड्यात दोनदा-तीनदा पाणी शिंपडायचे, भुसा खाली बसायचा. दुष्काळात माणसांना प्यायला पाणी नव्हतं, भुशाला कुठून आणणार? कोरडा भुसा उडत राहिला आणि मामा ओढत राहिला. त्याच उन्हाळ्यात ओढ्याकाठची थोरली शिसव वाळली. तिच्या सावलीत बैलगाड्या सुटायच्या म्हणे. मालकानं ती मिस्त्रीला विकली आणि मिस्त्रीकडे खाली उभं राहायला माणूस नाही. सगळी माणसं खडी फोडायला, तळी खणायला गेलेली. मामाला जाऊन फार दिवस झाले नव्हते. मिस्त्री आपल्या वस्तीत आला, तुझ्या अंगणाबाहेर थांबला.

"धुरपते, खाली कुनी न्हाई."

"वर तरी कोन हाय?" तू म्हणालीस.

हे सांगताना तू दर वेळी मान उडवायचीस. मामाला जेवण घेऊन जायचीस तेव्हा त्याला दम खायला मिळावा म्हणून तू करवत ओढली होतीस, ते मिस्त्रीनं वरून पाहिलं होतं. तू गेलीस. खिळा राहील, टोकं माझी, ही अट तशीच ठेवून गेलीस. गावानं तोंडसुख घेतलं. वर बाप्या आणि खाली बाई! एक जण खड्ड्याच्या काठाशी येऊन म्हणाला, "धुरपते, खालनं काय काय दिसतंय गं?" तू करवत न थांबवता म्हणालीस, "तुझ्या धोतराची गाठ. ढिली हाय, सांभाळ." तो परत आला नाही.

त्या शिसवीचे फळे विकले गेले. एक मात्र मिस्त्रीनं ठेवला. दारापेक्षा रुंद, मधोमध काळी गाठ. दुष्काळात मेलेलं ते झाड वखारीच्या मागच्या भिंतीला टेकून वाळत राहिलं, नव्या जिल्ह्याची बातमी येईपर्यंत.

मग जिल्हा आला. सगळं लातूर भिंतींना चुना लावत होतं. कचेऱ्या, पाट्या, कमानी. एका कचेरीचं काम घेतलेला गुत्तेदार वखारीत आला आणि त्या फळ्यासमोर उभा राहिला. त्याला साहेबांच्या खुर्चीमागची भिंत ह्याच फळ्याच्या पातळ पानांनी मढवायची होती, सगळी एका झाडाची, शेजारच्या दोन पानांवरची नक्षी एकमेकींसमोर उघडलेली. नव्या मशीनवर नेला असता तर पातं बोटभर खातं, आणि एवढी रुंदी त्याला पेलतही नाही. हातानंच चिरायचा होता. म्हणजे तुम्ही दोघं. तुझ्या छातीत तेव्हा शिट्टी वाजायला लागली होती. मी नको म्हणाले. तू म्हणालीस, "बघून तर येऊ."

त्या रविवारी मी तिथंच होते, म्हणून हे ऐकीव नाही. मिस्त्रीनं फळ्याच्या टोकावरून हात फिरवला.

"धुरपते, ह्याला खिळा चालायचा न्हाई. भिंतीला पुरी लांबी पायजे. चार बोटं गेली तर भिंत उघडी."

"मंग?"

"कोरडं मारू. खडू चोळून."

"मारा."

त्यानं कोरड्या दोऱ्याला खडू चोळला आणि एक टोक तुझ्याकडे टाकलं. तू धरलंस. टण्. काळ्या शिसवीवर पांढरी रेघ उठली. मिस्त्री समाधानानं कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तू वाकलीस आणि फुंकर मारलीस. रेघ गेली.

"आता चिरा," तू म्हणालीस.

मिस्त्री म्हणाला, "मेव्हन्याला बोलावतो. त्यो धरंल."

"बोलवा की. सकाळच्या पारी बोलवा, दुपारी त्याला दोन दोन सुतं दिसत्यात."

मिस्त्रीला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. मग तू चुन्याचं भांडं पुढं ओढलंस, त्यात पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "मिस्त्री, मी धरते. पर आंघुळ करायची न्हाई."

तो फळ्याकडे बघत होता.

"पानी हाय कुठं आंघुळीला," तो म्हणाला.

आणि तुम्ही दोघं हसलात! दुष्काळापासून एकमेकांच्या डोक्यावर-पायाशी राहिलेली दोन म्हातारी माणसं, पोरांसारखी. ओल्या चुन्यात सूत भिजलं. एक टोक त्याच्या चिमटीत, एक तुझ्या. टण्. मी ती रेघ पाहिली आहे. केसासारखी बारीक होती आणि तिला कुठंही खिळा नव्हता. संध्याकाळी एस.टी.कडे जाताना मिस्त्रीच्या ओट्यासमोरून आपण गेलो. तो तसाच बसला होता, बोटांवर चुना वाळलेला.

वाटेत तू म्हणालीस, "तुझ्या मामाला इचारलं न्हाई."

"रागावेल?"

"रागावंल. पर येवढा फळा गेला असता गं."

फक्त फळ्यासाठी? की ज्याच्या श्वासाशी श्वास लावून इतकी वर्षं करवत ओढली, त्याच्यावर एकदा भरवसा टाकून बघावा म्हणून? मला विचारायचं होतं. एस.टी. आली आणि राहून गेलं. आता हा प्रश्न मी रोज विचारते, आणि तू बाकी सगळं बोलतेस, ह्याचं उत्तर तेवढं देत नाहीस.

पुढच्या रविवारी शेवटचं पान सुटलं तेव्हा तू खड्ड्यातून वर आलीस. भुवयांवर जांभळा भुसा, थुंकीही जांभळी. मी रागावले, तू ऐकलं नाहीस. ते पान उभं धरून तू हळूच हलवलंस आणि ते लवलवलं. एवढं कठीण लाकूड, कापडासारखं! मग शेजारचं पान त्याच्याजवळ आणलंस. मधली गाठ दोहोंवर उघडली होती, एकात एक, दुसऱ्यात एक. "बघ," तू म्हणालीस, "आन भुसा बघ. येक सूप भरंना." तुझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला लिहिता येत नाही. माझ्या पत्रकांच्या भाषेत तसल्या आनंदाला शब्दच नाही. तो मला पाहायला मिळाला ह्याचे तुझे उपकार आहेत.

म्हणूनच ती सकाळ मला माफ करता येत नाही.

तू पांढरं लुगडं नेसून आली होतीस. कामगारांना मागच्या बाजूला उभं केलं होतं. आपण खिडकीजवळ होतो. साहेब आले, भिंत बघून थबकले, मिस्त्रीला पुढं बोलावलं. नारळ दिला. आणि खरंच उत्सुकतेनं विचारलं, "एवढी सरळ रेघ एकट्यानं कशी मारता हो मिस्त्री? दुसरं टोक कोण धरतं?"

चांगला प्रश्न होता. एवढ्या भाषणांच्या दिवसात एका माणसानं एक खरा प्रश्न विचारला होता. मिस्त्रीनं समोर पाहिलं. समोर त्याची भावकी होती, सोयरे होते, फेटे बांधून. मग त्यानं खिडकीकडे पाहिलं. तुझ्याकडे, आत्या. नजर चुकवली असं तू नंतर म्हणालीस. चुकवली नाही, मी बघत होते. तुझ्याकडे बघत बघतच तो बोलला.

"खिळ्याला बांधतो, सायेब. ह्याला बी तसंच बांधलं व्हतं."

साहेब "वा वा" म्हणाले. भिंत त्यांच्या पाठीशी होती. वळून, खिळ्याचं भोक कुठं आहे, एवढं जरी त्यांनी विचारलं असतं! फळ्याची पुरी लांबी भिंतीवर होती आणि तिला भोक नव्हतं. तुझ्या बाजूनं बोलणारं तिथं तेवढं एक होतं, आणि न पडलेलं भोक कुणाला दिसणार? मी पुढं निघाले तर तू मनगट धरलंस. सूत ताणायची तुझी ती पकड. "चल," म्हणालीस.

एस.टी.त अर्ध्या वाटेपर्यंत तू बाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "खिळा आमी ठोकला व्हता. आमीच काढला. त्यानं आज परत ठोकला, आन त्याच्या हातानं." खिळ्याचा अर्थ हातावर ठरतो हे तूच मला शिकवलं होतंस. मामाच्या हातचा खिळा म्हणजे नकार होता. मिस्त्रीच्या हातचा खिळा म्हणजे तू.

मी म्हणाले, छापते. तू म्हणालीस, "न्हाई. म्या धरलं ते मला ठावं हाय, त्याला ठावं हाय. बास झालं."

"आणि बाकीच्यांना?"

तुला खोकला आला. तो वाद तिथं थांबला आहे. बोलायची पाळी अजून तुझीच आहे.

शेवटच्या दिवसांत तू माणसं ओळखेनाशी झालीस. गोधडीचा एक दोरा उसवला होता, तो तू चिमटीत धरून ओढायचीस, ताणून धरायचीस आणि समोर बघायचीस. कुणीतरी दुसरं टोक धरावं म्हणून. मी धरलं. तू नीट निरखून पाहिलंस आणि मान हलवलीस. मी नव्हे. मी मिस्त्रीकडे निरोप पाठवला, तातडीनं या म्हणून. तो आला नाही. तो दोरा तू तसाच ताणून धरला होतास, आणि मग तो सैल पडला.

मिस्त्री आला तिसऱ्या दिवशी. अंगणाबाहेर थांबला. मी म्हणाले, "आत या." आला. मी पाणी दिलं, प्याला.

"सुमे, समोर माझे होनारे व्याही व्हते. सूत ओलं व्हतं, तिनं धरलं व्हतं म्हनलो असतो तर पोरीचं लगीन तिथंच मोडलं असतं."

"झालं का लग्न?"

"झालं."

"मग आता सांगा."

"आता कुनापुढं सांगू बाई? ती तर गेली."

"तिच्यापुढं सांगायचंच नव्हतं मिस्त्री. तिला ठावं होतं."

उठताना त्यानं पेला स्वतः विसळला आणि पालथा घातला. त्यांच्या दारात आपल्याला घालायला लावायचे, तसा. मी नको म्हणाले नाही. मला त्याची दया आली आणि त्याचा संताप आला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते. जाताना तो तुझ्या उंबऱ्यावरून हात फिरवत गेला, लाकूड बघतो तसा.

मागच्या आठवड्यात वस्तीच्या हातपंपाचं निवेदन घेऊन मी त्याच कचेरीत गेले. नव्या जिल्ह्यातही आमच्या वस्तीला पाणी नाही. साहेब म्हणाले, "बोला." माझा घसा कधी बसत नाही, सभेत मी दीड तास बोलते. पण साहेबांच्या डोक्यामागे ती दोन पानं होती, उघडलेली, आणि गाठीचे ते दोन डोळे. ते साहेबांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. खोलीत पंखा फिरत होता: गप्प, खर्रर, गप्प, खर्रर. मी कागद टेबलावर ठेवून बाहेर आले. हातपंपाबद्दल एक शब्द बोलले नाही.

त्या दिवशी ठरवलं. तुला पटणार नाही, तरी छापते. दोघांना ठावं असणं पुरत नाही, आत्या. दोघांतला एक मातीत गेला आणि दुसरा घाबरला की खरं उरतच नाही. हा वाद मी तुझ्या माघारी जिंकते आहे असं समजू नकोस. तू समोर असतीस तर जिंकू दिला नसतास, आणि तेच मला हवं होतं.

आता वाचणाऱ्यांनो, तुम्हाला सांगते. कचेरीचं नाव मी छापत नाही; छापलं तर उद्या त्या भिंतीवर पडदा लागेल. पण लातूरला ज्यांची कामं पडतात त्यांना शिसवाची भिंत असलेली खोली माहीत आहे. तिथं जाल तेव्हा तुमचा अर्ज टेबलावर ठेवण्याआधी, खोलीत असतील तेवढ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: ह्या भिंतीची रेघ मारताना दुसरं टोक धुरपताबाईनं धरलं होतं, स्वतःच्या हातानं, ओल्या सुताचं. साहेब विचारतील, कोण धुरपताबाई? तेव्हा खाली बघू नका. सांगा. तुमचं काम त्या दिवशी अडलं तर अडू द्या. आणि त्या सकाळी फेटे बांधून समोर उभे असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यानं बाकीच्यांची वाट बघू नये. तुमच्या भीतीनं तो माणूस खोटं बोलला. पहिल्यांदा तुम्ही जा. मिस्त्रीला सोबत घेऊन जा.